चालत्या माणसाचा रकाना

पहिल्या दिवशी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत मी नदीकाठी टेबल मांडून बसलो आणि माझ्या तक्त्यात एक रेघसुद्धा पडली नाही.

साल अठ्ठ्याऐंशी, वैशाख महिना. मी चोवीस वर्षांचा, बांधकाम खात्यात लागून जेमतेम आठ महिने झालेला कनिष्ठ अभियंता. तालुक्यात एका पुलापुरता पैसा आला होता आणि जागा दोन होत्या. एक खाली निवळीला, साखर कारखान्याच्या वाटेवर. दुसरी इथं डोंगराच्या पायथ्याला, आंबेघोळ गावाजवळ, भोगडी नदीवर. दोन्हीकडं सात दिवस वाहतूक मोजायची आणि आकडे साहेबांपुढं ठेवायचे, असं ठरलं होतं. निवळीला बसलेल्या माझ्या जोडीदाराला शेजारी चहाची टपरी होती. मला करवंदीच्या जाळ्या होत्या आणि माशा होत्या.

नदीच्या या काठाला आंबेघोळ. पलीकडं उभी दरड, दरडीवर जंगल, आणि जंगलात तासाभराच्या चढावर धनगरवाडा. साठेक उंबरा, म्हशी राखणारी माणसं. उन्हाळ्यात नदीला मांडीभर पाणी. आषाढात तिच्यात बैल घातला तर त्याची शिंगंसुद्धा परत दिसायची नाहीत.

संध्याकाळी तोडकर आण्णा आले. ते गावचे सरपंच आणि दूध संस्थेचे अध्यक्ष. मी त्यांच्याच सोप्यावर उतरलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून तक्त्यात डोकावून पाहिलं.

"किती झालं?"

"शून्य."

"धनगर आलं न्हाईत?"

"कुणीच आलं नाही."

"आसं कसं? दूध तर आलं की डेअरीला." आण्णा बुचकळ्यात पडले, पण फार वेळ नाही. "जाऊ द्या. तीस-चाळीस गाड्या लिहा. नदी काय साक्षीला येतीया?"

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही," मी म्हणालो. त्या वयात मला अशी वाक्यं फार आवडायची.

"मग बसा माशा मारत," आण्णा म्हणाले आणि पान लावायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पलीकडच्या जाळीत काहीतरी हललं. एक म्हातारी बाहेर आली. डोक्यावर पितळी किटली, खांद्यावर काळं घोंगडं. ती तिथंच उभी राहून मला न्याहाळत होती. मी हात केला, तरी हलली नाही. शेवटी तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. किटलीला हात न लावता, खाली न बघता, घरच्या ओटीवरून चालावं तशी ती नदीतून आली आणि माझ्यापासून दहा हातांवर थांबली.

"फारेष्टाचं हायसा?"

"नाही, आजी. मी बांधकाम खात्याचा."

"खाकी हाय न्हवं."

मी माझ्या पँटीकडं पाहिलं. कापड स्वस्त मिळालं म्हणून आईनं एकाच ताग्यातून तीन शिवून घेतल्या होत्या. जंगल खात्याची माणसं नदीवर बसली की धनगरांची कुऱ्हाड जाते, कधी म्हैस जाते. म्हणून खाकी दिसली की त्या वाटेनं कुणी उतरायचं नाही, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. काल अख्खा धनगरवाडा मैलभर वरच्या कोंडीतून नदी ओलांडून गेला होता. तिथं पाणी छातीला लागतं.

"सगळेजण तिकडून गेलात?"

"व्हय. दोघींच्या घागरी वाहून गेल्या. मानसं न्हाई गेली, तेवढं बरं."

मला इतकी लाज वाटली की पँट बदलून येऊ का, असंच विचारणार होतो. म्हातारीचं नाव ठकूबाई झोरे. तिनं माझं टेबल, छत्री, कागद सगळं बघून घेतलं. मग मागं वळून तोंडाला हात लावला आणि डोंगराकडं तोंड करून लांब हाळी दिली.

डोंगर हलायला लागला. दुसरं काय म्हणणार? जिथं मला काल दिवसभर नुसतं रान दिसत होतं, तिथून माणसं निघाली. जाळीतून, झाडाआडून, खडकामागून. डोक्यावर किटल्या, घागरी, शेणखताच्या बुट्ट्या, नाचणीची गाठोडी. एकामागं एक ती दरडीवरून उतरत होती आणि पाण्यात शिरत होती. पहिलीनं ज्या दगडावर पाय ठेवला त्याच दगडावर दुसरीनं, तिसरीनं, पन्नासावीनं. कुणी बोलत नव्हतं. प्रवाहाच्या मधोमध एक गडी नुसता हात पुढं करून उभा होता. पोटुशी बाई आली की तिला धरायचा, म्हातारं आलं की धरायचा, आणि पुन्हा तसाच उभा राहायचा. मी पेन्सिल हातात धरून बघत राहिलो. कॉलेजात पूल कसा बांधतात ते चार वर्षं शिकलो होतो. माणसं पुलाशिवाय कशी जगतात हे कुणी दाखवलं नव्हतं.

भानावर येऊन मी रेघा ओढायला लागलो. एकशे त्रेचाळीस झाल्या. मग लक्षात आलं की त्या मी तक्त्याबाहेर, कोऱ्या समासात ओढल्या होत्या.

दूध घालून ठकूबाई परत आली आणि टेबलाजवळ उकिडवी बसली.

"किती भरलो आम्ही?"

मी तिला तक्ता समजावून सांगितला. मोटारगाडीला एक. ट्रकला तीन. सायकलीला अर्धा. बैलगाडीला आठ, कारण ती हळू चालते आणि रस्ता अडवते.

"आन् चालत्या मानसाला?"

मला उत्तर माहीत होतं, तरी मी कागदाकडं बघितलं. "काही नाही."

"म्हंजी शून्य?"

"शून्यपण नाही, आजी. रकानाच नाही."

"म्हशीला?"

"नाही."

"बैलाला?"

"गाडीला जुंपला तरच."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसतं पलीकडं बघितलं. तिथं दरडीखाली आठ-नऊ वर्षांची एक पोर दगडावर बसून कसलातरी कागद वाचत होती.

"ती माझी नात. सगुणा. आवंदा तिसरीत जाईल. वाड्यावर चौथीपस्तोर साळा हाय, मास्तर येतो आठ-पंधरा दिसांतनं. पाचवी हितं, आंबेघोळात. जूनपास्नं दिवाळीपातुर नदी कुनाला सोडती? म्हनून आमचं कोनी चौथीच्या म्होरं गेलंच न्हाई." ती बोटांवर हिशोब करत होती. "आवंदा तुम्ही वर कळवलंसा, दोन वर्सांत पूल झाला, तर ती पाचवीला जाईल. न्हाई तर म्हशी हायत्याच."

"हुशार आहे का?"

"मला काय कळतंय? पर फारेष्टाची नोटीस आली ती तिनंच वाचली. 'कुऱ्हाड बंद' म्हनून लिवलंय, 'चराई बंद' न्हाई, आसं म्हनली. त्या दिसापास्नं वाड्यावरची म्हातारी मानसंबी तिला अगंतुगं करत न्हाईत."

त्या दिवशी संध्याकाळी तोडकर आण्णांच्या सोप्यावर बैठक बसली. ठकूबाईही आली होती. ती सोप्याच्या खालच्या पायरीवर बसली. धनगर तिथंच बसायचे, त्यांना तसं कुणी सांगावंही लागत नव्हतं. आण्णांना पूल हवाच होता, कारण पुलाबरोबर डांबरी रस्ता त्यांच्या दारावरून जाणार होता. बैलगाडीला आठ हे ऐकल्यावर तर त्यांचे डोळे चमकले.

"आपल्या गावात सव्वीस गाड्या हायत. उद्यापास्नं रोज धा धा फेऱ्या मारू, पान्यातनं जायाचं आन् माघारी फिरायचं. धरा आठानं."

"रिकाम्या फिरवलेल्या गाड्या मी धरणार नाही."

"सायब, तुम्ही पूल द्यायला आलाय का आमची परीक्षा घ्यायला?"

"खोटी वाहतूक लिहिली तर उद्या कुणीही पकडेल, आण्णा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून आणू?"

मलाही माझ्या खरेपणाचा त्या वेळी कंटाळा आला होता. ती सगुणा डोळ्यांपुढून जात नव्हती. निवळीला ट्रक असणार, आणि मी इथं तत्त्वं सांगत बसलो होतो.

मग पायरीवरून ठकूबाईचा आवाज आला.

"आमचं वझं तरी खरं हाय न्हवं?"

"म्हणजे?"

"तुमच्या रानाला शेणखत कुठनं येतं, आण्णा? आमच्या गोठ्यातनं. उन्हाळाभर चाळीस बाया बुट्टीनं वाहत्यात. दूध येतंय, नाचणी येतीया, हिरडा येतुया. सगळं डोस्क्यावर. तेच गाडीत घाला. आदी डोस्क्यावरनं यायचं, आता चाकावरनं यील. वझं तेच, मानसं तीच." ती माझ्याकडं वळली. "त्यात खोटं काय ते सांगा, सायब."

मी विचार केला. पुन्हा केला. खोटं काही सापडलं नाही.

"पण गाडी पलीकडं चढणार कुठून?" मी म्हणालो. "दरड दोन पुरुष उंच आहे."

"ती आमी बघतो," ठकूबाई म्हणाली आणि उठली.

तिसऱ्या दिवशी मी टेबलावर बसलो तेव्हा पलीकडं टिकावांचा आवाज चालू झालेला होता. धनगरवाड्यातलं चालतं फिरतं प्रत्येक माणूस दरडीला भिडलं होतं. गडी खणत होते, बाया माती ओढत होत्या, पोरं दगड सरकवत होती. दूध घालायच्या बाया तेवढ्या नदी ओलांडायच्या आणि परत येऊन बुट्टी उचलायच्या. दहाच्या सुमाराला मधे मोठा कातळ लागला आणि काम अडलं. पहार धनगरांकडं नव्हती.

थोड्या वेळानं गावातून सात-आठ जण पहारी आणि घण घेऊन आले. त्यांच्या पुढं तोडकर आण्णा होते. धोतर वर खोचून ते पाण्यात उतरले. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात आण्णांनी नदीपलीकडं पाय टाकला नव्हता. पलीकडचं सगळं त्यांच्याकडं आपल्या पायांनी चालत येत होतं.

दुपारी मीही पलीकडं गेलो. ठकूबाईनं खांद्यावरचं घोंगडं झटकून आण्णांसाठी सावलीत अंथरलं. धनगराचा पाहुण्याला मान तो हाच. आण्णा बसले, ताक प्याले, घोंगड्याच्या काठावरून हात फिरवत राहिले.

"आमच्या सोप्यावर तुला कधी घोंगडं टाकलं न्हाई, म्हातारे," ते हळूच म्हणाले.

"आता टाका की. पूल झाला म्हंजी येनंजानं वाढंल."

आण्णा हसले, पण मान वर करून नाही.

चौथ्या दिवशीची सकाळ मी अजून विसरलेलो नाही, आणि आता या वयात विसरेन असं वाटत नाही. सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा आंबेघोळच्या बाजूनं चाकांचा आवाज आला. एक गाडी नव्हे, दोन नव्हे, सव्वीस. बैल धुतलेले, काहींच्या शिंगांना पोळ्याचा उरलेला हिंगूळ लावलेला. पुढची गाडी आण्णांची, कासरा त्यांच्याच हातात. बैल पाण्याजवळ थबकले, फुरफुरले आणि शिरले. पाणी चाकाच्या आऱ्यांवर चढलं, जू हेलकावलं, आणि मग ती गाडी नव्या वाटेनं, अजून ओल्या मातीवरून, दरड चढून वर गेली. त्या जागी त्याआधी चाक कधी फिरलं नव्हतं. वरती धनगरवाड्याची म्हातारी माणसं ओळीनं उभी होती. गाडी पुढून गेली तेव्हा एकानं वाकून चाकाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मी टेबलावरून उठून उभा राहिलो होतो. का, ते मला सांगता येत नाही. कुणी मोठं माणूस समोरून जात असलं की आपण जसे उठतो, तसा उठलो होतो.

मग दरडीच्या माथ्यावर आणून ठेवलेलं ओझं भरून गाड्या परतायला लागल्या. शेणखत, दुधाच्या किटल्या, नाचणीची पोती, हिरडा. आणि गाड्यांच्या बाजूनं बाया पाण्यातून चालत होत्या, रिकाम्या. डोक्यावर काही नसलेली ठकूबाई मला लांबून ओळखूच आली नाही. ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "मान हलकी झाली की चालताना झोक जातो, सायब."

मी आठ लिहिले. पुन्हा आठ लिहिले. हात दुखेपर्यंत लिहीत राहिलो, आणि समासात चालत्या माणसांच्या रेघा ओढत राहिलो. सातव्या दिवसापर्यंत तसंच चाललं. धनगरवाड्याचा उकिरडा संपला, आण्णांच्या रानात खताचे ढीग लागले. शेवटच्या संध्याकाळी तक्त्याखाली 'शेरा' म्हणून जी दोन ओळींची जागा असते, तिथं मी बारीक अक्षरात खरं होतं ते सगळं लिहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांनी बोलावलं. खासनीस साहेब कार्यकारी अभियंता होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांच्यापुढं दोन्ही तक्ते होते.

"ही गाडीवाट नकाशात नाही."

"नव्हती, साहेब. मोजणीच्या तिसऱ्या दिवशी झाली."

"कुणी केली?"

"त्यांनीच. दोन्ही काठांनी मिळून."

त्यांनी चष्मा लावला आणि माझा शेरा मोठ्यानं वाचला. "'सदर भार पूर्वी डोक्यावरून वाहिला जात होता. गणनेच्या काळात तोच भार गाडीतून वाहिला. पादचारी एरवी रोज सुमारे एकशे चाळीस. तक्त्यात रकाना नाही.'" मग चष्मा काढला. "हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं."

"पण मग त्यांचं वझं खोटं ठरलं असतं, साहेब."

त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. माझी नोकरी जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

"निवळीचा आकडा पुढं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण फार पुढं नाही. फार पुढं असता तर मी शेऱ्यापर्यंत आलो नसतो. उद्या सकाळी जीप काढायला सांग."

आम्ही गेलो. साहेबांनी काठावर बूट काढले, पँट दुमडली आणि माझा हात न धरता पाण्यात उतरले. दूध घेऊन येणाऱ्या बाया त्यांना वाट देण्यासाठी मधेच थांबल्या, तेव्हा त्यांनी हात जोडून त्यांना आधी जाऊ दिलं. पलीकडं त्या खणलेल्या वाटेवर ते एकटेच बराच वेळ उभे होते. परत आले, पाय पुसले, मोजे घातले.

"पाणी गार आहे," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं पूल आंबेघोळला मंजूर झाला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथं तीन वर्षं लागली. एका पावसात अर्धा खांब गेला, एका उन्हाळ्यात सिमेंट आलं नाही. तोवर माझी बदली झाली होती. सगुणा चौथी झाली आणि एक वर्ष म्हशींमागं फिरली, हे मला आण्णांच्या पत्रातून कळलं. ते वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ठकूबाईनं बोटांवर मोजलेली वर्षं आमच्या खात्यानं चुकवली होती.

पुलाच्या उद्घाटनाला मी गेलो नाही. गेलो ते आषाढात. मुक्कामाच्या एसटीनं आंबेघोळला उतरलो आणि सकाळी छत्री घेऊन पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी उभा राहिलो. खाली भोगडी लालभडक होऊन धावत होती. अख्खी झाडं मुळांसकट वाहून चालली होती आणि आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. पूल होण्याआधी आषाढात धनगरवाड्यावरून आंबेघोळात कधीच कुणी आलेलं नव्हतं.

धुक्यातून दोघी आल्या. ठकूबाई पुढं, डोक्यावर किटली. मागं सगुणा, आता उंच झालेली, पोटाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दप्तर. पुलाच्या पलीकडच्या टोकाशी ठकूबाई थांबली. सवयीनं तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं, पदर कमरेला बांधला, आणि सिमेंटवर पहिला पाय ठेवला तो खालचा दगड घट्ट आहे का ते बघावं तसा. तशीच ती अर्ध्यापर्यंत आली. त्या आवाजावरून सगुणा ओरडली ते मला ऐकू आलं.

"आज्जे, लुगडं सोड की. पूल हाय."

ठकूबाईनं खाली बघितलं. पायांवरचा चिखल तसाच होता, नदीनं धुतलेला नव्हता. किटली तशीच डोक्यावर ठेवून तिनं खोचलेलं लुगडं सोडलं आणि ते घोट्यापर्यंत खाली आलं.

"रोज इसरती," जवळ आल्यावर सगुणा मला म्हणाली.

ठकूबाईनं मला ओळखलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. "खाकी सोडली न्हाईसा अजून."

मी पुन्हा माझ्या पँटीकडं पाहिलं. गावातून शाळेची पहिली घंटा ऐकू आली, पण सगुणा पळाली नाही. तिला उशीर झालेला नव्हता.

"आज मोजत न्हाईसा?" ठकूबाईनं विचारलं.

"नाही, आजी. मोजणी कधीच संपली."

"मोजा की," ती म्हणाली. "आता कोन वरच्या कोंडीनं जात न्हाई."

त्या दोघी गावाकडं निघाल्या. मी छत्री मानेत धरली, खिशातली डायरी काढली आणि रेघ ओढली. पहिली ठकूबाईची, दुसरी सगुणाची. तोवर धुक्यातून मागची माणसं यायला लागली होती.